आधी पातं, मग बँड सॉ

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासत वर गेलं आणि आमच्या परड्यातला फणस मुळासकट आडवा झाला. आदल्याच वर्षी, ३ जून २०२० ला, ‘निसर्ग’ने श्रीवर्धन-दापोलीकडे हेच केलं होतं. पडलेला फणस कोणी जाळत नाही. आम्ही खोड वखारीत नेलं, चार बाय सहा इंचांचे लांब तुकडे करून आणले आणि पडवीत थप्पी लावली. पाट, चौरंग, देव्हारा, कपाटाची दारं, सगळं त्यातून व्हायचं होतं. पण त्यासाठी अर्धा-पाऊण इंचाच्या फळ्या पाडायच्या, आणि दर चार फळ्यांसाठी टेम्पो करून वखारीत जाणं परवडत नाही.

घरी लाकूडकाम करणारे बरेच जण अशाच वळणावर बँड सॉच्या विचाराला लागतात. मला विचारतात तेव्हा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, ‘किती एचपीचा घेऊ?’ माझ्या मते तो चौथा प्रश्न आहे. काय कापणार, त्याला कुठलं पातं लागेल, ते पातं ताणून धरायची ताकद यंत्रात आहे का, आणि मग एचपी.

यंत्र म्हणून बँड सॉ अगदी साधा. एकावर एक दोन चाकं, त्यांच्यावरून फिरणारं दातेरी पोलादी पट्टीचं अखंड कडं, आणि मधे टेबल. वखारीत आपण पाहतो ते यंत्र हेच, फक्त तिथली चाकं माणसाच्या कमरेपर्यंत येतात. पातं कापताना कायम वरून खाली जातं, त्यामुळे लाकूड टेबलावर दाबलं जातं. गोल पात्याच्या टेबल सॉसारखं ते उसळून अंगावर येत नाही. पहिलं मोठं यंत्र म्हणून बँड सॉ घ्या, असं मी सांगतो त्यामागचं मोठं कारण हे.

दुसरं कारण भुशाचं. १० इंची टेबल सॉचं पातं साधारण एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडी जास्त रुंद चीर पाडतं. बँड सॉची चीर एक-सव्वा मिलिमीटर. चार इंच जाडीच्या तुकड्यातून अर्धा इंची फळ्या पाडायच्या तर गोल पात्याने सहा निघतात, बँड सॉने सात. सातवी फळी एरवी भुशात गेली असती. शिवाय १० इंची टेबल सॉ उभ्यात जेमतेम तीन इंच कापतो. सहा इंच रुंदीची फळी त्यातून एका कापात निघतच नाही. मात्र बँड सॉच्या फळीवर पात्याचे ओरखडे राहतात, रंधा मारावाच लागतो. घासूनपुसून तयार फळी हवी असेल तर ते काम याचं नव्हे.

माझं पहिलं यंत्र १० इंचांचं, म्हणजे १० इंची चाकांचं होतं. अर्धा इंची पातं यावर चढतं, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, आणि चढलंही. मी फणसाचा सहा इंची तुकडा उभा धरून रेघेवर कापत गेलो. वरची कड रेघेवर, खालची कडही रेघेवर. फळी सुटी करून कडेने पाहिली तर वर चार सूत, खाली चार सूत आणि मधे जेमतेम दोन. पातं लाकडाच्या पोटात धनुष्यासारखं वाकून गेलं होतं. मी लाकडाला दोष देत होतो, फणसाचे रेषे वाकडे म्हणून. आमच्या वाडीतले एक वयस्कर सुतार तिथे बसले होते. ते उठले, बंद यंत्राच्या पात्याला बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, “पातां ढिलां असा. लाकडाक कित्याक बोल लावतस?”

त्यांच्या त्या टिचकीत बँड सॉच्या निवडीचं बहुतेक सगळं येतं. बँड सॉ म्हणजे मुळात पातं ताणून धरणारी चौकट. पातं जितकं रुंद तितकं ते सरळ जातं, पण तितकं ते ताणायलाही लागतं. हिशोब करून पाहा. साध्या पोलादी पात्याला दर चौरस इंचाला किमान १५,००० पौंडांच्या आसपास ताण हवा. अर्धा इंच रुंद आणि पंचवीस हजारांश इंच जाड पातं घेतलं तर चाकाच्या दोन्ही बाजूंचा मिळून ओढा सुमारे १७० किलो होतो. म्हणजे सिमेंटच्या जवळजवळ साडेतीन गोण्या यंत्राच्या मानेला, वरचं चाक धरणाऱ्या भागाला, कायम लटकलेल्या. पाऊण इंची, थोडं जाड पातं घ्या, हाच ओढा सव्वातीनशे किलोंच्या घरात जातो. हलक्या चौकटीची मान एवढ्या ओझ्याखाली किंचित झुकते, स्प्रिंग पुरी दबते, तरी पातं ढिलंच राहतं. माझ्या १० इंची यंत्राचं हेच झालं. त्याच्यावर दोन-तीन सुती पातं उत्तम चालायचं. अर्धा इंची पातं त्याला झेपणारं नव्हतं, आणि माहितीपत्रकात ‘चढतं’ एवढंच लिहिलं होतं.

बँड सॉचा आकार सांगतात तो चाकाच्या व्यासावरून. १४ इंची म्हणजे १४ इंची चाकं. त्यावरून दोन गोष्टी ठरतात. पातं आणि मागचा खांब यांच्यात जागा किती, तर चाकाच्या व्यासापेक्षा थोडी कमी, १४ इंचीत साधारण साडेतेरा इंच. आणि पातं किती जाड चालेल. प्रत्येक फेऱ्यात पातं चाकावर वाकतं आणि सरळ होतं. तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो ना, तसंच ते असतं. छोट्या चाकावर जाड पातं घातलं की दातांच्या मुळाशी बारीक तडे जातात आणि एक दिवस ते फट्कन तुटतं. छोट्या यंत्राला पातळ पातीच घ्यावीत.

उभ्यात किती उंच लाकूड मावेल ही गोष्ट वेगळी, ती चाकावरून कळत नाही. जुन्या धाटणीच्या, बिडाच्या दोन भागांच्या १४ इंची यंत्रात ती सहा इंच असते. मधे बिडाचा ठोकळा घालून ती बारा करता येते. मग पातंही साडेत्र्याण्णव इंचांऐवजी १०५ इंचांचं लागतं. नव्या, जाड पत्र्याच्या वेल्डिंग केलेल्या चौकटीच्या यंत्रांत मुळातच दहा-बारा इंच उंची मिळते आणि मानही ताठ असते. पाट-चौरंग-कपाटं करणाऱ्या घरच्या माणसाने पत्र्याच्या चौकटीचं १४ इंची घ्यावं, हे माझं स्पष्ट मत. वजन शंभर किलोंच्या पुढे जातं, चार माणसं लागतात उतरवायला, पण ते वजनच कामाचं. सावंतवाडीच्या धर्तीची लाकडी खेळणी, फळं, छोट्या चौकटी एवढंच करायचं असेल तर मात्र १० इंची पुरेसं आहे, त्यात कमीपणा काही नाही.

पात्याकडे वळू, कारण तिथे जरा थांबायला हवं.

रुंदी सुतात मोजली की डोक्यात बसते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती पातं दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठ्या वर्तुळात वळतं. चार सुती, म्हणजे अर्धा इंची, पात्याला छोट्या बशीएवढं वळण लागतं. सहा सुती पातं जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ जेमतेम घेतं. म्हणून वळणाच्या कामाला अरुंद आणि फळ्या पाडायला रुंद. एकच पातं सगळ्याला चालवलं की गोल पोळपाट आठकोनी होतो आणि फळी पोटाला वाकते.

दातांचं गणित रुंदीइतकंच महत्त्वाचं. इंचाला दात किती, यावर पातं ओळखतात. नवख्याला वाटतं, दात जास्त म्हणजे काम सफाईदार. पातळ लाकडात ते खरं आहे. सहा इंच उंच फणसात नेमकं उलट होतं. दोन दातांमधल्या खाचेचं काम भुसा उचलून खाली नेऊन टाकणं. इंचाला १४ दात असतील तर सहा इंचांत एका वेळी ८४ दात लाकडात, आणि प्रत्येकाची खाच एवढीशी. ती मधेच भरते, पुढचा भुसा कडेला घासतो, पातं तापतं आणि वाट मिळेल तिकडे सरकतं. इंचाला तीन दातांचं पातं घ्या, १८ दात लाकडात, खाचा मोठ्या, भुसा सुखाने बाहेर पडतो. दुसऱ्या टोकाला, लाकूड कितीही पातळ असलं तरी निदान तीन दात एका वेळी त्यात असावेत, नाहीतर दात अडकून मोडतो. पाव इंची पट्टी कापायची तर इंचाला बारा-चौदा दात हवेत.

आपल्या लाकडांची प्रत्येकाची रीत वेगळी. ओला फणस कापताना चीक पात्याला बसतो, त्यावर पिवळा भुसा चिकटतो आणि तासाभरात पात्यावर चामड्यासारखा थर होतो. पातं काढून रॉकेलने पुसा, यंत्रावर असताना नको, चाकांवरच्या रबराला रॉकेल मानवत नाही. आंब्याचं लाकूड ओलं पडून राहिलं की निळं-काळं डागळतं आणि त्याला किडा लागतो. ते आधी कापून घ्या, फणसाला थोडा वेळ दिला तरी चालतो. किंजळ आणि ऐन जड, चिवट, तिथे पातं घाईने ढकललंत तर वाकणारच. आणि नारळ! वरून गरीब दिसतो, पण बाहेरच्या काळसर, घट्ट भागात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच जातभाई. साध्या पोलादी पात्याचे दात नारळाच्या एका खोडातच बोथट झालेले मी पाहिले आहेत. नारळ नेहमी कापणार असाल तर कार्बाइडचे दात बसवलेलं पातं घ्या. महाग असतं, पण तिथे वसूल होतं. अधूनमधून कापणार असाल तर जुनं होत आलेलं पातं त्यासाठी राखून ठेवा.

साधं कार्बन पोलाद, दातांना वेगळं कठीण पोलाद जोडलेलं बायमेटल, आणि कार्बाइड, असे तीन मुख्य प्रकार. सुरुवातीला साधंच पातं घ्यावं. शिकताना दोन-तीन पाती खराब होतातच. वखारीतल्या रुंद पात्यांना धार लावून घेतात तशी घरच्या अरुंद पात्यांना सहसा लावत नाहीत. दात कठीण केलेले असतात, कानस त्यावर घसरते. ती संपली की बदलायची.

पातं विकत घेताना जोडावर बोट फिरवा. लांब पट्टी कापून टोकं वेल्डिंगने जोडली की कडं होतं, आणि सगळं यंत्र त्या एका जोडावर चालतं. पट्ट्याच्या करवतीची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सुचली होती, पण जोड टिकत नव्हता. १८४६ साली फ्रान्समध्ये आन पोलिन क्रेपँ या बाईंनी पातं जोडण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं आणि त्यानंतर हे यंत्र कारखान्यांत रुळलं. जोड उंचवट्यासारखा लागला तर दर फेऱ्याला टक्-टक् आवाज येतो आणि कापावर रेघा उमटतात. तसं पातं परत करा. यंत्र घेण्याआधी हेही विचारून ठेवा की तुमच्या लांबीचं पातं जोडून कोण देतं. तळकोकणात बहुतेकांना त्यासाठी कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागते. एका वेळी चार-पाच आणावीत.

आता एचपी. दोन-तीन इंच जाडीचं काम असेल तर एक एचपी पुरे. सहा इंच फणस रोज कापायचा तर दीड ते दोन. पण आपल्याकडे मोटारीच्या पाटीवरच्या आकड्याइतकाच खांबावरून येणारा दाबही पाहावा लागतो. इंडक्शन मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने उतरतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर जोर पाऊणपट राहत नाही, सुमारे ६१ टक्के राहतो. संध्याकाळी गावभर पंप चालू झाले की माझं यंत्र लाकडात घुसताच गुरगुरायला लागायचं, आणि मी पात्याला दोष देत होतो. मीटरने मोजलं तेव्हा कळलं. आता जाड काम मी सकाळी करतो. यंत्राला स्वतंत्र १६ अँपियरचा पॉइंट, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि चांगलं अर्थिंग हवं. लांबलचक एक्स्टेन्शन लावू नका, उरलासुरला दाब त्यातच जातो.

परदेशातून आलेलं जुनं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर मोटारीची पाटी वाचा. अमेरिकेत आणि सौदीतही वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. ती मोटार इथे सहाव्या हिश्श्याने हळू फिरते आणि जास्त तापते. अमेरिकेतली ११० व्होल्टची असेल तर मोटार बदलूनच घ्यावी लागेल. लाकडासाठी पात्याचा वेग मिनिटाला ३,००० फुटांच्या जवळ असावा. १४ इंची चाक त्यासाठी मिनिटाला सुमारे ८२० फेरे फिरतं. आपली मोटार १,४४० च्या आसपास फिरते, बाकीचं पुलीने जुळवायचं.

खाऱ्या हवेबद्दल कोणतंही माहितीपत्रक बोलत नाही, आणि यंत्र मरतं ते त्यानेच. बिडाचं टेबल पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस होतं. एका चतुर्थीला पाच दिवस यंत्राकडे फिरकलो नाही, त्याच्यावर घट्ट ताडपत्री मात्र बांधून ठेवली होती. सोडली तर आतून पाणी सुटलेलं आणि टेबलावर हाताच्या पंजाएवढे गंजाचे डाग. ताडपत्री ओल बाहेर जाऊ देत नाही. जुनी सुती चादर बरी. टेबलाला महिन्यातून एकदा घन मेण चोळा आणि पुसून घ्या, लाकूडही त्यावर लोण्यासारखं सरकतं. खोबरेल लावू नका, ते चिकट होतं आणि फळीला डाग पाडतं. खालच्या कपाटात मृगापासून दसऱ्यापर्यंत चाळीस वॉटचा जुन्या पद्धतीचा दिवा जळता ठेवला, भुशापासून लांब आणि जाळीत, की बेअरिंगं कोरडी राहतात. काम संपल्यावर पात्याचा ताण सोडा, नाहीतर रबरावर खळगे पडतात आणि स्प्रिंग थकते. ताण झटकन सोडायची कळ असलेलं यंत्र मिळालं तर त्यासाठी थोडे जास्त पैसे मी आनंदाने देईन, कारण चाक फिरवत बसावं लागलं की माणूस सोडतच नाही.

पात्याला दोन्ही बाजूंनी आणि मागून आधार देणारे गाइड बेअरिंगचे असतात, ठोकळ्यांचे असतात, सिरॅमिकचेही असतात. विक्रेते यावर फार बोलतात, मला त्यात मोठा फरक जाणवलेला नाही. बेअरिंगमध्ये चिकाचा भुसा जातो आणि ती गंजतात, एवढं खरं. ते बसवायचे नीट, पात्यापासून कागदाएवढी फट ठेवून आणि दातांच्या खाचांच्या मागे, हे जास्त महत्त्वाचं.

जुनं यंत्र पाहायला जाताना सहा इंच रुंदीचा, दोन फूट लांबीचा सुका फणस आणि एक गुण्या सोबत न्या. आधी वीज बंद करून वरचं चाक हाताने फिरवा. ते खूप वेळ मुकाट फिरलं पाहिजे, खरखर नको. चाक धरून आतबाहेर हलवा, हललं तर बेअरिंग गेलं. रबरावर नख रोवून पाहा, तडकलेलं असेल तर बदलायचा खर्च किमतीत धरा. बिडाच्या मानेवर आणि टेबलाखालच्या कमानींवर तडा शोधा, तडा दिसला तर तिथूनच परता. मग पातं ताणून तुमचा फणस कापा आणि फळी कडेने डोळ्यासमोर धरा. मध्य आणि कडा सारख्या असतील तर सौदा करायला हरकत नाही. पोट आलं असेल तर नवं, तीन दाती पातं लावून पुन्हा कापायला सांगा. तरीही पोट आलं तर मान दुबळी आहे.

एक गोष्ट पैसे देण्याआधीच पाहायची. महाराष्ट्रात १९६४ पासून झाडतोडीचं नियमन करणारा कायदा आहे आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ ही आपल्या परड्यातली झाडंच आहेत. विजेवर ओंडके चिरणारं यंत्र सॉ मिलमध्ये मोडू शकतं, आणि सॉ मिलला वनखात्याचा परवाना लागतो. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या विनापरवाना सॉ मिल बंद करायला लावल्या. म्हणून मी गोल ओंडका परवाना असलेल्या वखारीतच चिरून आणतो आणि घरी फक्त कापीव लाकडाच्या फळ्या पाडतो. तुम्ही घेणार त्या यंत्राबद्दल वनपरिक्षेत्र कार्यालयात एकदा जाऊन विचारा.

जागा ठरवताना लांब फळी कुठून आत येईल आणि कापून कुठे जाईल ते पाहा. आठ फुटी फळीला पात्याच्या पुढे आठ आणि मागे आठ फूट मोकळे लागतात. पडवीच्या दाराच्या रेषेत यंत्र ठेवलं की फळी खळ्यात निघते आणि भिंत आडवी येत नाही. वरचा गाइड लाकडापासून पाव इंचावर उतरवूनच यंत्र चालू करा, उघडं पातं जितकं कमी तितकी बोटं सुरक्षित. शेवटचे चार इंच हाताने ढकलू नका, लाकडाची काठी वापरा. हातमोजे नकोत. गोल फांदी नुसती टेबलावर धरून कधीही कापू नका, पातं तिला गरकन फिरवतं आणि हात सोबत ओढला जातो. ती खाचेच्या ठोकळ्यात बसवून घट्ट बांधा.

आणि नाकाला मास्क लावा, पहिल्या दिवसापासून. फणसाचा पिवळा भुसा छान दिसतो, वासही गोड येतो. पण लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे. यंत्राला चार इंची धूळनळी जोडायचं तोंड आहे का ते घेतानाच पाहा. नसेल तर खालच्या दारात पत्रा कापून ते करून घेता येतं, आमच्या इथल्या वेल्डरने अर्ध्या दिवसात करून दिलं.